पेढे वाटून झाल्यावर

आपल्याकडे शिक्षणाचा एक ठरलेला क्रम आहे. आधी परीक्षा, मग निकाल, मग पेढे आणि सरतेशेवटी प्रवेश. निकाल हाती पडल्याशिवाय पेढेवाल्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही, हा आपल्या मध्यमवर्गीय घरांचा जुना रिवाज. अमेरिकेत हा क्रम उलटा आहे. ज्यांची मुले-भाचरे तिकडे वाढत आहेत, त्यांना हे ठाऊक असेलच, इतरांसाठी सांगते. तिकडे कॉलेजचा प्रवेश आधी मिळतो आणि शाळेचे शेवटचे गुण नंतर लागतात!

या व्यवस्थेला मला एकच घरगुती उपमा सुचते, ती साखरपुड्याची. माघात साखरपुडा झाला आहे आणि मुहूर्त वैशाखातला आहे. कार्यालय ठरले, साड्या घेऊन झाल्या, पत्रिका छापायला गेल्या. सगळे झाले, पण लग्न मात्र लागलेले नाही. त्या मधल्या तीन महिन्यांत दोन्हीकडची माणसे किती जपून बोलतात, किती जपून वागतात! अमेरिकेतला बारावीचा विद्यार्थी मार्चपासून जूनपर्यंत नेमका याच अवस्थेत असतो. फरक इतकाच की आपण जपून वागायला हवे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. किंवा सांगितलेले असते आणि त्याने ऐकलेले नसते.

तिकडची हायस्कुले नववी ते बारावी अशी चार वर्षांची. बारावीच्या आरंभीच मुले कॉलेजांना अर्ज करतात. लवकर करणारे १ नोव्हेंबरच्या सुमारास, बाकीचे बहुतेक १ जानेवारीपर्यंत. अर्जासोबत जातात ते नववी, दहावी, अकरावीचे गुण. लवकरच्या अर्जांना डिसेंबर-जानेवारीत उत्तरे येतात, उरलेल्यांना मार्चअखेरपर्यंत. आलेल्या होकारांतून एक निवडून १ मेपर्यंत अनामत रक्कम भरायची, म्हणजे जागा आपली. पण शाळा मात्र चालू असते! न्यू जर्सीसारख्या राज्यात ती जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. मध्यंतरी, जानेवारी-फेब्रुवारीत, शाळा सहामाही अहवाल कॉलेजकडे धाडते आणि शाळा संपली की शेवटची गुणपत्रिका. या शेवटच्या गुणपत्रिकेपाशी पुष्कळांचे घोडे पेंड खाते.

प्रवेशाचे पत्र येते त्यात अभिनंदनाचे तीन-चार परिच्छेद असतात आणि शेवटाकडे एक वाक्य असते. उरलेले वर्ष आजवरच्याच दर्जाने पुरे कराल, या अटीवर हा प्रवेश दिला आहे, असा त्याचा आशय. काही विद्यापीठे आणखी स्पष्ट लिहितात. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठे तर बारावीत एकाही विषयात ‘डी’ किंवा ‘एफ’ चालणार नाही, असे बजावतात. व्याकरणात आम्ही ज्याला संकेतार्थी वाक्य म्हणतो, त्यातला हा प्रकार: जर हे झाले, तर ते होईल. वर्गात गेली वीस वर्षे मी ‘जर-तर’ शिकवीत आले आहे. पण अभिनंदनाच्या पत्रातले ‘जर’ वेळेवर वाचणारा मुलगा मला अजून भेटायचा आहे.

आणि वाचावे तरी कसे? चार वर्षे जिवाचा आटापिटा केलेला असतो. होकार आला की अंगातले वारेच निघून जाते. अमेरिकनांनी या अवस्थेला थट्टेने ‘सीनियरायटिस’ असे नाव दिले आहे. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी तो सीनियर, आणि अपेंडिसायटिसमधले ‘आयटिस’ म्हणजे सूज. शेवटच्या वर्षाची सूज! तिकडचे मास्तरही या दुखण्याकडे हसून पाहतात. मात्र ते कधी-कधी जुलैत उलटते. कॉलेज प्रवेश परत घेते. त्याला तिकडे ‘रिसिंड’ करणे म्हणतात, आणि बारावीच्या पालकांच्या तोंडून हा शब्द दबक्या आवाजातच निघतो.

मी तो प्रथम ऐकला २०२४ च्या मे महिन्यात, न्यू जर्सीत, माझ्या थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात. कॉलेजला उन्हाळ्याची सुटी लागली तशी मी पाच आठवड्यांसाठी ताईकडे गेले होते. निमित्त अर्थात भाच्याचे कौतुक. चिरंजीवांना जानेवारीतच एका मोठ्या सरकारी विद्यापीठात, इंजिनिअरिंगला, प्रवेश मिळाला होता. ताईने एडिसनच्या ओक ट्री रोडवरून पेढे आणून साऱ्या मराठी मंडळींत वाटले होते. घरच्या व्हॉट्सअॅप गटावर छपन्न अभिनंदने आली होती. त्यांतली दोन माझीच. भाऊजींनी विद्यापीठाच्या नावाची पट्टी आणून गाडीच्या मागच्या काचेला चिकटवली होती. तिकडे हा रिवाजच आहे. आपल्याकडे गाडीवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहितात ना, तसा.

मी पोहोचले त्याच्या चौथ्या दिवशी ताईने सहज म्हणून शाळेचे पोर्टल उघडले. तिथे पालकांना मुलाचा एकूणएक गुण घरबसल्या दिसतो. तीन वर्षे ताई ते रोज रात्री उघडून पाहत असे. प्रवेशाचे पत्र आले आणि तिनेही पाहणे सोडले. सूज घरातल्या सर्वांनाच आली होती म्हणायची! पोर्टलवर कॅल्क्युलसच्या रकान्यात तिसऱ्या तिमाहीचा ‘डी’ होता. फिजिक्समध्ये ‘सी’. जानेवारीपर्यंत याच मुलाला ‘ए’ आणि ‘बी’ होते. ताईने मला हाक मारली, आणि तिच्या आवाजावरून मला वाटले की पुण्याहून कुणाची तरी वाईट बातमी आली.

त्या रात्री घरात जे झाले, ते कुठल्याही मराठी घरात झाले असते तसेच झाले. ताई रडली, भाऊजी ओरडले, मुलगा गप्प बसला. त्याला ते मार्चअखेरपासून ठाऊक होते. सात आठवडे तो हे पोटात ठेवून हिंडत होता. १ मेला वर्गातल्या सगळ्यांनी आपापल्या कॉलेजचे नाव छापलेले सदरे घालून फोटो काढले, तेव्हा त्यानेही काढला होता. तो फोटो मला पुण्याला आला होता. मी पुन्हा काढून पाहिला. चेहऱ्यावर काही दिसत नव्हते. अठराव्या वर्षी इतके लपवता येते, याचेच मला जास्त वाईट वाटले.

रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले, तर भाऊजी संगणकासमोर. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठाची २०१७ सालची बातमी त्यांनी शोधून काढली होती. त्या उन्हाळ्यात या विद्यापीठाने ४९९ मुलांचे प्रवेश, सत्र सुरू व्हायला जेमतेम दोन महिने उरले असताना मागे घेतले होते. “चारशे नव्व्याण्णव!” भाऊजी पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हटले, “भाऊजी, आता पुढचंही वाचा.”

पुढचे वाचण्यासारखे होते. विद्यापीठाने सुमारे ६,२५० मुले येतील असा अंदाज धरला होता आणि होकार कळवला ७,१०० मुलांनी. मागे घेतलेल्या प्रवेशांपैकी २९० च्या आसपास प्रवेश गुणांपायी गेलेच नव्हते. गुणपत्रिका उशिरा पोहोचली, किंवा कागदात काही उणे राहिले, एवढ्यावरून ते काढून घेतले होते. एरवी ज्या गोष्टीची कोणी दखल घेतली नसती, ती जागा कमी पडताच गुन्हा ठरली, असा मुलांचा आणि पालकांचा आरोप होता. फार ओरड झाली. ऑगस्टच्या आरंभी कुलगुरूंनी जाहीर माफी मागितली आणि कागदपत्रांवरून अडलेल्या मुलांना परत घेतले. ज्यांचे गुण खरोखरच अटीखाली घसरले होते, त्यांना मात्र ही सवलत नव्हती. त्यांच्यासाठी फेरविचाराचा अर्ज, एवढाच मार्ग.

म्हणजे भाऊजींच्या भीतीला आधार होता, पण ४९९ हा आकडा तो आधार नव्हता. मी तसे बोलले नाही. रात्री दोनला माणसाला तर्कशास्त्र शिकवू नये.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या समुपदेशक बाईंची भेट ठरली. प्रत्येक हायस्कुलात असा सल्लागार असतो, आणि तिकडच्या व्यवस्थेतली ही गोष्ट मला मनापासून आवडली. बाई साठीच्या घरातल्या, असली प्रकरणे वर्षानुवर्षे पाहिलेल्या. त्यांनी सांगितले त्याचा सारांश असा. एखाद्या ‘बी’चा ‘सी’ झाला म्हणून सहसा कोणी प्रवेश काढत नाही. विद्यापीठे पाहतात ती एकदम झालेली घसरण, ‘डी’ आणि ‘एफ’, आणि अर्जात लिहिलेला एखादा विषय न कळवता सोडून दिला असेल तर तो. त्यातही बहुधा आधी पत्र येते, खुलासा मागतात. कधी ताकीद देऊन सोडतात, कधी पहिले सत्र देखरेखीखाली ठेवतात. प्रवेश काढून घेणे हा शेवटचा उपाय. पण जुलैत गुणपत्रिका पाहून त्यांना कळण्याआधी मुलाने आपण होऊन कळवावे. आणि हे त्यानेच लिहावे. आईबापांनी फोन करू नये.

शेवटचे वाक्य ऐकून भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते सकाळपासून तोच फोन करायच्या बेतात होते.

मग भीतभीत ताईने विचारले, आणि प्रवेश गेलाच तर? बाई शांतपणे म्हणाल्या, तर काऊंटी कॉलेज आहे. तिथे प्रवेशाला अडवत नाहीत, फी थोडी, दोन वर्षे नीट अभ्यास केला की राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते. न्यू जर्सीत त्यासाठी कायदाच आहे. ताईने मान डोलावली, पण गाडीत बसल्यावर म्हणाली, “काऊंटी कॉलेज! लोकांना काय सांगू?” तिकडच्या आपल्या मंडळींना काऊंटी कॉलेजचे नाव काढले की बेइज्जती झाल्यासारखे वाटते. मला हे मुळीच पटत नाही. ज्या दारावर पहारेकरी नाही, त्या दारातून आत गेलेला माणूस कमी शिकतो, असे थोडेच आहे? पण माझे मत विचारले कोणी!

पत्र लिहायचे ठरले आणि इथे माझी गरज लागली. इंग्रजी माझा विषय नव्हे; परंतु विनंतीअर्ज हा आहे. उपयोजित मराठीच्या तासाला मी तो दरवर्षी शिकवते. चिरंजीवांनी पहिला मसुदा आणला तो दीड पानांचा, आयुष्यातील संघर्ष आणि त्यातून झालेला आत्मशोध वगैरे अलंकारांनी मढवलेला. ‘डी’ हे अक्षर त्यात शोधून सापडेना. मी त्याला म्हटले, “अरे, हे पत्र ज्याला मिळेल, त्याला शेवटपर्यंत कळणार नाही की तुझं झालं काय.” तो हसला. त्या आठवड्यातले त्याचे ते पहिले हसणे.

खरी अडचण कारणाची होती. घसरण का झाली, हे लिहायला हवे होते. भाऊजी म्हणाले, “आई गेली ना. तेच लिहू. खोटं थोडंच आहे?”

खोटे नव्हतेच. भाऊजींच्या मातोश्री मागच्या ऑक्टोबरात नाशिकला गेल्या. भाऊजी पाच आठवडे इकडे होते. घर उदास होते. तिकडचे कोणतेही कार्यालय हे कारण मान्य करील. ताईही काही बोलेना. मुलगा टेबलावरच्या कागदाकडे पाहत होता. मग तो त्याच्या त्या तुटक मराठीत म्हणाला, “बाबा, आजी गेली तेव्हा मला ए होता.”

कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने तोच पुढे म्हणाला, “आजीमुळे नाही झालं. मी होमवर्क नाही केलं. मला वाटलं, आता झालं.”

भाऊजींना मी दोष देत नाही. मुलाचे वर्ष बुडू नये म्हणून बाप कोणत्याही काडीला धरील. आणि ही काडी तर त्यांच्याच दुःखाची होती. ते उठून आत गेले. अर्ध्या तासाने आले आणि म्हणाले, “त्याला पाहिजे तसं लिहू दे.”

मग पत्र पटकन झाले. बारा ओळी. तिसऱ्या तिमाहीत कॅल्क्युलसमध्ये मला ‘डी’ आणि फिजिक्समध्ये ‘सी’ मिळाला. प्रवेश मिळाल्यावर मी गृहपाठ करणे सोडले, याला दुसरे कारण नाही. आता आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर मी शिक्षकांकडे थांबतो, राहिलेले काम पुरे करतो आहे. शेवटचे गुण जूनअखेर येतील, ते येताच पाठवीन. एवढेच. आपल्या अर्जांत ‘कृपा करून माझ्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, मी आपला अत्यंत ऋणी राहीन’ हे जे शेपूट असते, ते मी काढायला लावले. ताईला ते हवे होते. तिला वाटले, मुलगा उद्धट दिसेल.

उत्तर यायला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांत घरात दुसरा विषय नव्हता. भाऊजी सारखे म्हणत, “आपल्याकडे असलं काही नव्हतं बाबा. एकदा मिळालं की मिळालं.” आपल्या वेळी नसेल, आता आहे. आयआयटीत जायचे तर जेईईतला क्रमांक पुरत नाही. बारावीत ७५ टक्के हवेत, नाहीतर त्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यायला हवे; अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांना ६५ टक्के. करोनामुळे ही अट २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे बाजूला ठेवली होती. २०२३ पासून ती पुन्हा लागू झाली. त्यात गंमत अशी की ज्या पाच विषयांचे गुण धरतात, त्यांत एक भाषा असावीच लागते! क्लासच्या नादात दोन वर्षे मराठीच्या तासाला न फिरकलेले शास्त्र शाखेचे वीर फेब्रुवारीत पुस्तक उघडतात आणि ‘मॅडम, भाषेला किती पडतील?’ म्हणून मला गाठतात, त्यामागे साहित्यप्रेम नसते, हे मी कधीच ओळखले आहे. असो, या निमित्ताने का होईना, चार धडे वाचतात.

इंग्लंडात तर जवळजवळ सगळ्यांचाच प्रवेश ‘जर-तर’चा. अमुक विषयात अमुक श्रेणी आणलीस तर ये, असे आधी सांगतात आणि ए-लेव्हलचा निकाल लागतो ऑगस्टच्या मध्यावर. २०२० साली करोनामुळे परीक्षाच झाल्या नाहीत. शिक्षकांनी अंदाजे श्रेणी दिल्या आणि त्या एका गणिती सूत्राने तपासून दुरुस्त केल्या. या सूत्रात शाळेचे मागल्या वर्षांचे निकाल धरले होते. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा इंग्लंडात जवळजवळ ४० टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आलेल्या होत्या. हुशार मुलगा सामान्य शाळेतला असेल, तर शाळेच्या जुन्या पापांचे ओझे त्याच्या डोक्यावर! मुले रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत, १७ तारखेला, सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले.

हे सारे मी भाऊजींना सांगत असे आणि ते ‘हं, हं’ करीत. एका संध्याकाळी ते गॅरेजमध्ये गेले ते बराच वेळ आले नाहीत. ताईने मला पाहायला पाठवले. ते गाडीच्या मागे उभे होते. मला पाहून म्हणाले, “ही पट्टी काढली तर शेजाऱ्यांना कळेल. नाही काढली, तर रोज सकाळी मलाच दिसते.” मला काय बोलावे ते सुचेना. मी म्हटले, “जेवायला चला.”

मुलगा मात्र त्या दिवसांत सर्वांत निवांत होता. सात आठवड्यांचे ओझे उतरल्यावर त्याला झोप लागू लागली होती. सायंकाळी शाळेतून उशिरा येई, जेवे आणि गणिते सोडवत बसे. एकदा मला म्हणाला, “मावशी, तू पण मुलांना डी देतेस?” मी म्हटले, “आमच्याकडे आकडे असतात. पण देते.” “मग तुला वाईट वाटतं?” मी म्हटले, “पेपर कोरा असला की वाटतं. चुकलेला असला की नाही वाटत.” त्याला हे पटले की नाही कोण जाणे, त्याने पुन्हा वहीत डोके घातले.

दहाव्या दिवशी उत्तर आले. चार ओळींचे. आपण होऊन कळवल्याबद्दल आभार. प्रवेश तूर्त कायम. मात्र कॅल्क्युलसमध्ये वर्षाची श्रेणी किमान ‘सी’ असली पाहिजे. अखेरची गुणपत्रिका पाहून निर्णय पक्का होईल. पुन्हा ‘जर-तर’च. ताईला आनंद करावा की काळजी, ते कळेना. तिने दोन्ही केले. भाऊजींनी पत्र तीनदा वाचले आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला. बोलले काहीच नाहीत.

मी जूनच्या मध्यावर परतले. चिरंजीवांची शेवटची परीक्षा त्यानंतर झाली. वर्षाची श्रेणी ‘सी’ आली, एका गुणानेही जास्त नाही. गुणपत्रिका शाळेने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने धाडली. तरी भाऊजींनी, अर्व्हाइनची आठवण ठेवून, ती पोहोचली का, हे मुलाला चार वेळा विचारायला लावले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात विद्यापीठाच्या पोर्टलवर त्याच्या नावापुढच्या यादीत ‘अखेरची गुणपत्रिका’ या ओळीवर हिरवी खूण उमटली आणि पाठोपाठ वसतिगृहाच्या खोलीचा क्रमांक आला. ताईने त्या खुणेचा फोटो मला पाठवला, तेव्हा इकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते.